लाकडावर पाय

२ मार्च

नव्या घराच्या दिवाणखान्यात उभी राहून आज मी माझं म्हणणं पहिल्यांदाच मोठ्याने बोलून दाखवलं. म्हटलं, या खोलीला फरशी नको. लाकूड हवं, रुंद फळ्यांचं.

सुंदररावांनी वर छताकडे पाहिलं. त्यांना वाटलं, मी माळ्याबद्दल बोलतेय.

"वर नाही, खाली," मी म्हटलं. "पायाखाली."

"पायाखाली लाकूड?" त्यांनी चष्मा काढून पुसला. "आन् पाणी सांडलं तर?"

माझ्या यजमानांची उभी नोकरी माजलगावच्या धरणावर, पाटबंधाऱ्यात गेली. जगातली कुठलीही वस्तू पाहिली की त्यांचा पहिला प्रश्न हाच असतो, की पाणी कुठे जाणार. लग्नाच्या मुहूर्तावरसुद्धा त्यांनी मांडवाचा उतार बघितला होता म्हणतात.

मी त्यांना बोर्डिंगचा हॉल सांगितला. म्हणजे परत सांगितला. औरंगाबादचं आमचं कॉन्व्हेंट, उंच खिडक्या आणि खाली सागाच्या रुंद फळ्या. सिस्टर फिलोमिना मंगळूरकडच्या होत्या. शनिवारी सकाळी त्या आम्हा मुलींना नारळाच्या सोडणाची अर्धी अर्धी वाटी द्यायच्या. ती पायाखाली धरायची, हात कमरेवर ठेवायचा आणि फळीच्या रेघेने मेण घासत जायचं. कोणीतरी पियानोवर बसायचं. मग घासणं कुठे संपलं आणि नाच कुठे सुरू झाला ते कळायचं नाही. त्या फळ्यांचा रंग मधासारखा होता.

"म्हणजे घासायला माणसं लागणार," सुंदरराव म्हणाले.

घर त्यांनी बांधलं, खिडक्या त्यांनी ठरवल्या, देवघर सासूबाईंनी ठरवलं. मला एक जमीन हवी आहे. तीही सगळ्या घराची नाही, एका खोलीची.

५ मार्च

फरशीच्या दुकानात गेलो होतो. दुकानदाराने लाकडासारखी दिसणारी फरशी दाखवली. "काकू, लाकडापेक्षा भारी लाकूड हाय हे. पाणी टाका, जाळ करा, काय व्हत न्हाई."

सुंदररावांचा चेहरा असा उजळला की मला वाईट वाटलं. मी फरशी बोटाने वाजवून पाहिली. आवाज ताटलीचा. शिवाय दर चौथ्या फरशीवर तीच गाठ, तोच डाग, तीच रेघ. जुळी भावंडंही इतकी सारखी नसतात.

"काय वाईट हाय हिच्यात?" त्यांनी विचारलं.

"खोटं बोलते," मी म्हटलं.

दुकानदार त्यांच्याकडे पाहून हसला. तेही हसले. घरी येईपर्यंत मी गाडीत खिडकीबाहेर पाहत होते.

९ मार्च

ओसरीत चार घमेली पाण्याने भरून ठेवली आहेत. एकात ती ताटलीसारखी फरशी, एकात लॅमिनेट नावाची चिकटवलेली फळी, एकात बाभळीचा तुकडा, एकात साग. प्रत्येकाला चिठ्ठी. सकाळी उठल्यावर सुंदरराव चहाच्या आधी तिकडे जातात आणि कालव्याची पातळी बघावी तसे वाकून बघतात.

लाकूड नापास व्हावं म्हणून ही सगळी धडपड, हे मला कळतं. माणसाने सरळ नाही म्हणावं.

१४ मार्च, धुळवड

लॅमिनेट पुरीसारखं फुगलं. मला आत बरं वाटलं.

सासूबाई काठी टेकत ओसरीत आल्या. सासूबाईंचं, म्हणजे छबुबाईंचं, वय त्यांनाही ठाऊक नाही. दुष्काळ, पूर आणि जावा-नणंदांची बाळंतपणं यांवरून त्या हिशोब लावतात आणि दर वेळी तो वेगळा येतो.

"हे काय भिजू घातलंस रे सुंदर? मटकी हाय का?"

"फळी हाय आई. वनमालाला नव्या घरात खाली लाकूड पायजे."

"खाली? कावून?"

"चालायला."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, ताप आलेल्या पोराकडे बघतात तसं. "माय, माणसानं लाकडावर दोनदाच निजावं. एकदा पाळण्यात, एकदा सरणावर. मधी जमीन."

मधी जमीन! त्या जमिनीशी माझी ओळख त्यांनीच करून दिली. नवी नवरी होते. तिसऱ्याच दिवशी त्यांनी माझ्यासमोर शेणाची पाटी ठेवली. मी पदर नाकाला लावला. त्यांनी माझं मनगट धरलं आणि जमिनीवर फिरवलं. "ढिलं सोड. हात न्हाई, मनगट चालू दे. चंद्राची कोर काढ." त्यांच्या उजव्या हाताची करंगळी विळ्याने कापली होती, ती अजून सरळ होत नाही. म्हणून त्यांच्या सारवणात प्रत्येक कोरीच्या कडेला एक सुटलेली रेघ असायची. माझ्या कोरी पूर्ण यायच्या, तरी त्यांच्या पुढे माझी जमीन खरकटी दिसायची.

हे सगळं आज का आठवलं कोण जाणे.

२२ मार्च

सिरसाळ्याकडे सरकी काढायचं एक जुनं जिनिंग पाडतायत. आमचा सुतार बंकट आम्हाला घेऊन गेला. कापूस साठवायच्या वरच्या मजल्याच्या फळ्या उतरवून भिंतीला लावल्या होत्या. बंकटने एकीवर थाप मारली. "ऐका काकू. निजामाच्या वक्ताचा साग हाय. आता असलं झाड नुसतं बघायचं म्हनलं तरी जंगलखात्याची चिठ्ठी लागंल."

"तुझ्या आज्यानं पाहिलं व्हतं का बे निजामाचा वक्त?" सुंदरराव म्हणाले.

"आज्यानं न्हाई साहेब. फळीनं पाहिला."

माझी वीत आणि वर चार बोटं, एवढी रुंद फळी. फटींमध्ये कापूस अडकलेला. मी चप्पल काढून एका फळीवर उभी राहिले. ती उन्हाने कोमट होती आणि पाय ठेवल्यावर जराशी बोलली. मला सोळा वर्षांची झाल्यासारखं वाटलं, पण उतरताना गुडघा बोलला.

सुंदररावांनी एक तुकडा मागून घेतला आणि घरामागच्या वारुळावर नेऊन ठेवला. वाळवीला आवतण! मी दिवसभर अबोला धरला. त्यांच्या ते लक्षात आलं की नाही, सांगता येत नाही.

२८ मार्च

या आठवड्यात ते तीनदा सिरसाळ्याला गेले. टरबुजं आणायला म्हणे. तिन्ही वेळा मोकळ्या हाताने आले. सदऱ्याला कापूस. मी विचारलं तर म्हणाले, "टरबुजं पिकली न्हाईत." उतारवयात माणूस विसराळू होतो. जरा लक्ष ठेवायला हवं.

संध्याकाळी त्यांनी वारुळावरचा तुकडा माझ्यापुढे आणून ठेवला. "बाभळीला वाळवीनं चाखलं. सागाला नुसतं हुंगून परत गेली. घेऊ."

घेऊ! मी इतकी गोंधळले की आमटीत दोनदा मीठ पडलं. त्यांनी मुकाट्याने खाल्ली.

३० मार्च, पाडवा

फळ्या आल्या. प्रत्येकीच्या मागे खडूने 'व' लिहिलंय. बहुधा वखारीचा. एकही फळी तडकलेली नाही, एकीलाही मोठी गाठ नाही. आमचं नशीब की ढिगातून नेमक्या चांगल्याच आल्या.

गुढीला नमस्कार करून झाल्यावर सासूबाईंनी जाहीर केलं, "मी त्या घरात येणार न्हाई."

"आई!" सुंदरराव म्हणाले.

"पाटावर पाय दिला म्हनून तुला हानलंय मी, आठवतंय का? आन् आता मीच म्हातारपणी पाटावर हिंडू?"

"तो पाट नाही आई," मी म्हटलं. "जमीनच आहे. फक्त लाकडाची."

"लाकडाची जमीन, मातीची भाकर," त्या म्हणाल्या. "तुमी जा. मला हितं करमतंय. कडूबाई येती की दोन येळा."

कडूबाई आमच्याकडे धुणीभांडी करते. ती भांडी घासता घासता थांबली होती, आता जास्तच जोरात घासू लागली.

अडचण अशी, की अक्षय तृतीयेला गृहप्रवेश आहे आणि पहिलं पाऊल आईचं पडणार, हे सुंदररावांनी पाया खणला त्या दिवशीच ठरवलंय. दुसरं काही ते फारसं ठरवत नाहीत. त्यामुळे जे ठरवतात ते मोडलं की त्यांचं जेवण तुटतं. आज पुरणपोळी अर्धी ठेवली.

६ एप्रिल

अमरसिंहचा पुण्याहून फोन. आमच्या चिरंजीवांचा उपाय सोपा: "आजीला घरात घालायच्या सपाता घे." मी तसं सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "घरात पायताण घालून हिंडायला मी काय तहसीलदार हाय?"

इथे खरं लिहायला हरकत नाही. दोन दिवस मी असाही विचार केला, की नाही आल्या तर नाही. जुनं घर चांगलं आहे, कडूबाई आहे, आपण रोज जाऊन येऊ. मग दुपारी त्या माझ्या बशीत त्यांच्या वाटणीचा लाडू ठेवून गेल्या. भांडण चालू असताना असं करायचं नसतं. मला ते फार अन्यायाचं वाटलं.

१३ एप्रिल

बंकटने फळ्या बसवल्या. रंधा मारून झालाय, मेण-तेल बाकी आहे. ते अक्षय तृतीयेनंतरच करू म्हणतो, लग्नसराईत त्याला कपाटांची घाई आहे. पॉलिश नसतानाही खोली बदलली. मी एकटीच या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. मग परत. मग जरा वेगळ्या पावलांनी. मग दारात सुंदरराव उभे दिसले आणि मी फटीतला कापूस काढत असल्याचं दाखवलं.

"काढ, काढ," ते म्हणाले आणि उगाचच बाहेर जाऊन नळ बघत बसले.

१८ एप्रिल

सासूबाई आज स्वतःहून म्हणाल्या, "दाव तुजी फळी." उंबऱ्याबाहेर उभ्या राहून त्यांनी काठीने फळी ठोकली. खाली वाकून फटीत बोट घातलं.

"ह्या फटीत काय भरनार?"

"काही नाही आई. तशाच राहतात."

"तुज्या त्या शाळंत जमिनीला काय लावायचे?"

"मेण."

"शेन न्हाई?"

"नाही आई."

"कदीच न्हाई? सणावाराला बी?"

"कधीच नाही."

"मंग बरोबर हाय," त्या म्हणाल्या. "लाकूड लाकूडच ऱ्हायलं." आणि परत गाडीत जाऊन बसल्या. मला वाटतं त्यांना सिस्टर फिलोमिनांची कीव आली. मला राग आला.

२१ एप्रिल

हरले. सुंदरराव आता भाकरीही अर्धी ठेवू लागलेत. मी म्हटलं, फळ्या काढून टाका, ती खोटी फरशी बसवा. आई तुमच्या घरात नसतील तर मला मधाच्या रंगावर चालताना काटे टोचतील.

त्यांनी एका पायात घातलेली चप्पल काढून ठेवली. मग म्हणाले, "आईला सांगतो," आणि आत गेले. बाहेर आले तेव्हा चेहरा विचित्र होता.

"काय म्हणाल्या?"

"गप ऱ्हा म्हनली."

"कोणाला?"

"दोघांलाबी."

२५ एप्रिल

थोडं समाधान. सासूबाईंनी नव्या घराच्या बागेत लक्ष घातलंय. कडूबाईच्या दिराच्या गोठ्यातून ताजं शेण मागवलं, तेही गाईचंच हवं, म्हशीचं नको, असं बजावून. कडूबाई नव्या घराची किल्ली मागायला आली. मी म्हटलं, कुंड्या तर बाहेर आहेत, किल्ली कशाला? ती म्हणाली, "आज्जी म्हनल्या," आणि पदर तोंडाला लावून हसली. कडूबाईला कशाचंही हसू येतं.

मी जास्वंद आणि मोगरा लावायचं ठरवलं. आत येणार नाहीत, पण निदान त्यांनी शेण घातलेली झाडं दारात असतील. मनाची एवढी समजूत घालत मी दोन पेले चहा प्याले.

२९ एप्रिल

घाईत लिहितेय, अक्षर सांभाळून घ्यावं.

सकाळी आम्ही दोघं बीडला गेलो. सासूबाईंना पातळ घेतलं. न येणाऱ्या माणसासाठी पातळ निवडायला फार वेळ लागतो. दुपारी परत येताना सामान ठेवायला नव्या घरी थांबलो. दार सताड उघडं.

आधी वास आला. त्या वासाने मी दारातच थबकले. क्षणभर वाटलं की माझ्या हातात हिरवा चुडा आहे आणि आत कोणीतरी पाटी घेऊन वाट बघतंय.

खरंच बघत होतं. सासूबाई ओचा खोचून शेवटच्या कोपऱ्यात गुडघ्यांवर बसल्या होत्या. कडूबाई बादली धरून उभी. निजामाच्या वक्ताचा साग कुठेच नव्हता. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ओलं, हिरवं, चकचकीत सारवण.

"आत येऊ नगा, वलं हाय," कडूबाई म्हणाली.

माझ्या तोंडून देवाचं नाव इंग्रजीत निघालं. बोर्डिंग सोडल्यापासून असं झालं नव्हतं.

"वरडती कावून?" सासूबाई कमरेवर हात ठेवून उठल्या. "जमीन केली तुज्या लाकडाची. आता ठिवते पाय. वरची माजी, खालची तुजी. कुनाचं काय गेलं?"

मी सुंदररावांकडे पाहिलं. त्यांनी पाण्यात भिजवलं, वाळवीला दाखवलं. एक शेणाची चाचणी राहिली होती. ते उंबऱ्यात वाकले आणि फार गंभीरपणे त्यांनी विचारलं, "आई, पाणी किती घातलं?"

"शेन कालवायला लागतंय तेवढं. तुज्या धरनातलं न्हाई घातलं."

मला ओरडायचं होतं. शब्दही तयार होते, मराठी. पण तेवढ्यात माझं लक्ष उंबऱ्याजवळच्या कोरींकडे गेलं. एकाशेजारी एक, खिडकीपर्यंत सारख्या. प्रत्येकीच्या कडेला एक सुटलेली रेघ. या वयात, या गुडघ्यांनी, एवढी मोठी खोली. कडूबाईला नुसती बादली धरू दिली होती.

दाराकडच्या भिंतीलगतचा एक पट्टा मात्र अजून कोरडा होता. मी चपला काढल्या, पदर खोचला आणि पाटीत हात घातला.

"मनगट ढिलं सोड," सासूबाई म्हणाल्या.

"येतं मला," मी म्हटलं.

"दिसतंय की. शाळंत गेल्यावानी सारवतीस."

३० एप्रिल, अक्षय तृतीया

पहिलं पाऊल आईंचं पडलं. नवं पातळ, उजवा पाय, मग डावा. खाली पाहिलंसुद्धा नाही, स्वतःच्या ओसरीत आल्यासारख्या आल्या. सुंदरराव दुसरीकडे बघत नाक शिंकरत होते. धुराने, म्हणाले. धूर अजून केलाही नव्हता.

दूध उतू घालायच्या वेळी मात्र ते भानावर आले आणि चुलीभोवती त्यांनी चार घमेली मांडली.

पाहुणे जमिनीवर खूष. नात्यातल्या वनिताबाई माझा हात धरून म्हणाल्या, "एवढा मोठा बंगला आन् खाली साधी मातीची जमीन! संस्कार म्हनत्यात ते हे." मी हात जोडले. काय सांगणार?

बंकट जेवायला आला आणि दारातच उभा राहिला. खोलीभर बघितलं, परत बाहेर जाऊन घर तेच आहे ना ते बघितलं. "काकू," तो हळूच म्हणाला, "माजं काम कुठं गेलं?"

"खाली आहे," मी म्हटलं. "ज्याचं त्याच्या जागी आहे. जेवायला बस."

सुंदररावांनी तीन पुरणपोळ्या खाल्ल्या.

९ मे

उन्हाने सारवण वाळलं, तडकलं, पोपडे सुटले. दोन दिवस झाडलं. फळ्या परत वर आल्या. फटींत आता कापसाच्या जागी शेण आहे आणि लाकडावर कुठे कुठे हिरवट झाक. बंकट म्हणाला, "हा रंग डब्यात मिळत न्हाई काकू," आणि मेण-तेल लावून गेला.

मला सकाळपासून एकच भीती. आई आठवडाभर जुन्या घरी राहून आज परत यायच्या होत्या, त्यांनी उघडं लाकूड पाहिलं नव्हतं. आल्या की उंबऱ्यातूनच परत फिरतील.

आल्या. आणि सरळ आत चालत जाऊन खिडकीशी बसल्या.

"आई," मी न राहवून म्हटलं, "सारवण गेलंय. खाली लाकूड आहे."

"दिसतंय मला. आंधळी न्हाई." त्यांनी पाय पसरले. "एकदा सारवली की जमीन झाली. नवरीची हळद धुतली म्हनून ती परत पोर व्हती का?"

मी त्यांच्या पाठीशी उशी सरकवली.

दुपारी सुंदरराव बसस्थानकाजवळच्या शहाळेवाल्याकडून एक पिशवी घेऊन आले. आत वाळलेल्या शहाळ्यांची अर्धी अर्धी सोडणं. "मेन घासायला लागतंय म्हनली व्हतीस ना," असं म्हणून ते नळ बघायला बाहेर गेले. बाहेरचा नळ फारच बिघडतो हल्ली.

मी एक सोडण पायाखाली घेतलं, हात कमरेवर ठेवला आणि फळीच्या रेघेने निघाले. आधी नीट, मग घसरत, मग वळून. पियानो नव्हता. मी तोंडानेच सूर धरला. खिडकीपाशी वळले तेव्हा दिसलं, की सासूबाई भिंतीला टेकून माझ्याकडे बघतायत आणि त्यांचं मनगट मांडीवर हळूहळू फिरतंय.

"असं व्हय," त्या म्हणाल्या. "नाचायला पायजे व्हतं तुला."

मी थांबले. मला धाप लागली होती. या घरात मला हे कोणी कधी विचारलं नव्हतं. मी तरी कधी सांगितलं होतं?

"आधी सांगायचं न्हाई का येडे? जमिनीवर बी नाचता येतंय." त्यांनी काठी भिंतीला लावली आणि माझ्या खांद्याकडे हात पुढे केला. "हं, धर मला. आन् ते दुसरं सोडन कुठंय?"